रूप पालटले तरी ओळख तीच : चेताजाले आणि आकृतिबंधांची अविकारी ओळख

हिवतापाच्या निदानासाठी रुग्णाच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला जातो, रंगवला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. तांबडी पेशी दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आहे की कडेला, तिच्यातील परजीवी वरच्या अंगास आहे की खालच्या, याने अनुभवी तंत्रज्ञाच्या निर्णयात काहीही फरक पडत नाही. हेच काम संगणकाकडे सोपविले की मात्र अडचण उभी राहते. संगणकाला पेशी दिसत नाही. त्याच्यापुढे असतो तो चित्रबिंदूंच्या उजळपणाचा, म्हणजे केवळ आकड्यांचा तक्ता. पेशी दोन-चार चित्रबिंदूंनी सरकली किंवा काचपट्टी थोडी वळली, तरी त्या तक्त्यातील असंख्य आकडे बदलतात. बदललेल्या आकड्यांमागची वस्तू तीच आहे, हे यंत्राने कसे ओळखावे?

आकृतिबंध-ओळख या ज्ञानशाखेतील हा एक मूलभूत प्रश्न होय. टपालावरील पिनकोडचे वाचन, छापील मजकुराचे संगणकीकरण, उपग्रह-प्रतिमांचे विश्लेषण, ओळख-पडताळणी आणि रोगनिदान अशा अनेक क्षेत्रांत तो वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. या प्रश्नाचे स्वरूप, कृत्रिम चेताजालांनी म्हणजेच न्यूरल नेटवर्कनी त्यावर शोधलेले मार्ग आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या आकृतीत प्रामुख्याने तीन प्रकारचे बदल संभवतात. ती जागा बदलते, म्हणजे तिचे स्थानांतर होते. ती वळते, म्हणजे तिचे परिभ्रमण होते. आणि ती लहान वा मोठी दिसते, म्हणजे तिचे आकारमान बदलते. हे बदल होऊनही यंत्राचे उत्तर कायम राहत असेल, तर त्या गुणास अविकारिता म्हणतात. याच्याशी निगडित परंतु वेगळी संकल्पना म्हणजे सहविकारिता. आकृती जशी सरकेल तसा जालाच्या आतील प्रतिसादही तितकाच सरकतो, तेव्हा ते जाल सहविकारी असते. 'पेशीत परजीवी आहे काय?' या प्रश्नाच्या उत्तराला अविकारिता हवी. 'परजीवी कोठे आहे?' या प्रश्नाच्या उत्तराला सहविकारिता हवी. परीक्षार्थींनी हा भेद नीट लक्षात ठेवावा.

प्रश्नाची व्याप्ती एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एखादे अक्षर चौकटीत १०० निरनिराळ्या जागी असू शकते, दर १० अंशांनी वळवल्यास त्याच्या ३६ दिशा होतात आणि त्याची पाच आकारमाने विचारात घेतली, तर एकाच अक्षराची १८,००० रूपे तयार होतात. प्रत्येक रूप यंत्राला स्वतंत्रपणे दाखवणे हा खर्चिक मार्ग आहे. अशी हजारो अक्षरे किंवा वस्तू असतील, तर तो अशक्यप्रायच ठरतो.

हा प्रश्न चेताजालांच्या संशोधनाइतकाच जुना आहे. वॉल्टर पिट्स व वॉरन मॅक्कलक यांनी १९४७ मध्येच, भिन्न रूपांतून एकच वस्तू मेंदू कशी ओळखत असावा, याचा गणिती आराखडा मांडला होता. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी परसेप्ट्रॉन या शिकणाऱ्या जालाची संकल्पना मांडली. तिच्यावर आधारलेल्या मार्क-१ या यंत्राला २० गुणिले २० अशा ४०० प्रकाशसंवेदी घटांचा 'डोळा' होता. १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की व सेमूर पेपर्ट यांनी अशा जालांच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. प्रत्येक चित्रबिंदूला स्वतंत्र भार देऊन त्यांची बेरीज करणाऱ्या एकस्तरीय जालाला 'आकृती कोठेही असो, उत्तर तेच दे' अशी अट घातली, तर सर्व बिंदूंचे भार समान धरावे लागतात. मग अशा जालाला उजळलेल्या बिंदूंची संख्या तेवढी कळते. त्यांची मांडणी कळत नाही. तितक्याच बिंदूंचा चौकोन आणि त्रिकोण त्याला सारखेच! अविकारिता मिळाली, पण ओळखच हरवली. पुढील सर्व संशोधनाला याच पेचातून वाट काढावी लागली.

पहिला मार्ग : ओळखीपूर्वी प्रमाणीकरण

सर्वांत जुना उपाय म्हणजे आकृती जालापुढे ठेवण्यापूर्वीच तिचे स्थान, दिशा व आकारमान ठरावीक करून घेणे, किंवा या बदलांनी न बदलणारी गुणवैशिष्ट्ये आधी मोजणे. मिंग-क्वेइ हू यांनी १९६२ मध्ये आकृतीच्या बिंदूंच्या वितरणावरून काढता येणाऱ्या अशा सात राशी मांडल्या. आकृती सरकवा, वळवा वा मोठी करा, या राशींची मूल्ये तत्त्वतः तीच राहतात.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत या मार्गाचे एक सुंदर उदाहरण आहे. छापील पान स्कॅनरवर थोडे तिरके ठेवले गेले, तर सर्वच ओळी तिरक्या होतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी व उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात देवनागरी व बांगला लिप्यांच्या यांत्रिक वाचनावर काम करताना या लिप्यांतील शिरोरेषेचाच उपयोग करून घेतला. शब्दावरची आडवी रेघ किती अंशांनी कलली आहे हे मोजले की पान किती वळले आहे ते कळते. तेवढे ते उलट वळवून सरळ करावे आणि मगच अक्षरे ओळखावीत. लिपीचे वैशिष्ट्य येथे अडथळा न ठरता साहाय्यक ठरले.

दुसरे उदाहरण डोळ्याच्या बुबुळावरून व्यक्ती ओळखण्याचे. आधार नोंदणीत दहा बोटांचे ठसे व छायाचित्र यांबरोबर दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या जातात. बुबुळांच्या ओळखीची जी पद्धत जॉन डॉगमन यांनी १९९३ मध्ये मांडली, तिच्यात बाहुलीभोवतीचे कंकणाकृती बुबुळ जणू कापून एका आयताकृती पट्टीसारखे पसरले जाते. उजेडाने बाहुली लहानमोठी झाली किंवा डोळा कॅमेऱ्याच्या जवळ आला, तरी पट्टीची लांबी-रुंदी ठरावीकच राहते. म्हणजे आकारमानाचा प्रश्न सुटतो. डोके किंचित कलले, तर पट्टी नुसती बाजूला सरकते. म्हणजे परिभ्रमणाचे रूपांतर स्थानांतरात होते आणि ते पट्टी पुढेमागे सरकवून जुळवता येते. ही पद्धत मूलतः चेताजालाची नसली, तरी एका अवघड बदलाचे दुसऱ्या सोप्या बदलात रूपांतर करण्याचे तिच्यातील तत्त्व चेताजालांच्या आधी जोडल्या जाणाऱ्या अनेक प्रक्रियांत वापरले गेले आहे.

या मार्गाची मर्यादाही उघड आहे. बुबुळाचा केंद्रबिंदू किंवा शिरोरेषा आधी अचूक सापडली पाहिजे. आकृती अर्धवट झाकलेली असेल किंवा पार्श्वभूमी गुंतागुंतीची असेल, तर प्रमाणीकरणच चुकते आणि त्या चुकीवर उभारलेली पुढची ओळखही चुकते.

दुसरा मार्ग : रचनेतच अविकारिता

जालाची रचनाच अशी करावी की त्याला आकृतीची सरकलेली वा वळलेली रूपे वेगळी वाटूच नयेत, हा दुसरा मार्ग. या मार्गाचे दोन प्रवाह विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला प्रवाह उच्चकोटी चेताजालांचा. १९८७ मध्ये ली जाइल्स व टॉम मॅक्सवेल यांनी त्याची मांडणी केली आणि पुढे नासाच्या एम्स संशोधन केंद्रात लिली स्पिरकोव्हस्का व मॅक्स रीड यांनी ती विकसित केली. तिचा आधार शालेय भूमितीतला आहे. आकृतीवरील कोणतेही तीन बिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो. आकृती सरकवली, वळवली किंवा मोठी केली तरी नवा त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असतो. त्याचे कोन बदलत नाहीत. तेव्हा एकेका बिंदूला भार देण्याऐवजी बिंदूंच्या त्रिकुटाला भार द्यावा आणि समान कोन करणाऱ्या सर्व त्रिकुटांचा भार एकच ठेवावा. अशा जालाला स्थान, दिशा व आकारमान यांची अविकारिता शिकवावी लागत नाही. ती त्याच्या रचनेतच असते. मिन्स्की व पेपर्ट यांनी दाखवलेल्या पेचावरचे हे उत्तर होय, कारण त्रिकुटे मोजताना बिंदूंची परस्पर मांडणी हरवत नाही.

परंतु या उत्तराची किंमत मोठी आहे. ९ गुणिले ९ बिंदूंच्या चौकटीत ८५,३२० त्रिकुटे होतात. २८ गुणिले २८ च्या चौकटीत ती सुमारे आठ कोटी होतात आणि १२८ गुणिले १२८ च्या चौकटीत ७३ हजार कोटींच्या पलीकडे जातात. एम्समधील संशोधकांनी सूक्ष्म चित्र अनेक ढोबळ व एकमेकांपासून किंचित सरकवलेल्या जाळ्यांत विभागून हा भार हलका केला. तथापि, चौकटीतील बिंदू मोजकेच असतील तर कोन अचूक मोजता येत नाहीत आणि आकृतीचा काही भाग झाकला गेला तर त्रिकुटेही विस्कटतात. त्यामुळे या जालांचा वापर मर्यादित राहिला.

दुसरा प्रवाह जीवसृष्टीच्या निरीक्षणातून आला. डेव्हिड ह्युबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या दृष्टिमेंदूवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दोन प्रकारच्या पेशी आढळल्या. साध्या पेशी ठरावीक जागच्या, ठरावीक दिशेच्या रेषेला प्रतिसाद देतात. जटिल पेशी तशी रेषा जवळपास कोठेही असली तरी प्रतिसाद देतात. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक रॉजर स्पेरी यांच्यासमवेत मिळाले. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत कुनिहिको फुकुशिमा यांनी याच तत्त्वावर १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे जाल सादर केले. त्यात वैशिष्ट्य शोधणारा एक थर आणि त्याच्या जागेतील लहानसा फरक सामावून घेणारा दुसरा थर, अशा जोड्या एकापुढे एक रचलेल्या होत्या. प्रत्येक जोडीगणिक थोडाथोडा फरक पचवत शेवटच्या थरापर्यंत पोहोचेतो स्थानबदलाचा परिणाम बराच कमी होतो.

१९८९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यान लकून व सहकाऱ्यांनी या रचनेला चुकांवरून भार सुधारण्याच्या पद्धतीची जोड दिली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील टपाल कार्यालयातून जाणाऱ्या पत्रांवरील हस्तलिखित पिनकोडचे ९,२९८ अंक त्यांनी वापरले. त्यांपैकी ७,२९१ प्रशिक्षणासाठी व उरलेले २,००७ चाचणीसाठी. त्यांच्या जालात ६४,६६० जोडण्या होत्या, पण स्वतंत्र भार केवळ ९,७६०. याचे कारण भारांची सामायिकता. पाच गुणिले पाच बिंदूंची एक छोटी खिडकी संपूर्ण चित्रावरून फिरवली जाते आणि सर्व ठिकाणी तिचे भार तेच असतात. उभी रेघ डाव्या कोपऱ्यात शोधण्याचे कौशल्य उजव्या कोपऱ्यासाठी पुन्हा शिकावे लागत नाही. शिकण्याजोग्या भारांची संख्या घटल्याने कमी उदाहरणांत शिकणे शक्य होते, हा या रचनेचा मोठा लाभ. यांनाच कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क म्हणतात.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. फिरत्या खिडकीमुळे स्थानांतराची सहविकारिता मिळते आणि पुढील थरांतील संक्षेपणामुळे स्थानांतराची काही प्रमाणात अविकारिता मिळते. परिभ्रमण व आकारमान यांबाबत मात्र ही रचना स्वतःहून काहीच हमी देत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी टॅको कोहेन व मॅक्स वेलिंग यांनी २०१६ मध्ये खिडकी सरकवण्याबरोबरच काटकोनांत वळवूनही वापरणारी जाले मांडली. त्यांनंतरची अशी जाले सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींच्या प्रतिमांसाठी उपयुक्त ठरली आहेत, कारण ऊतीच्या तुकड्याला 'वर' आणि 'खाली' अशी बाजूच नसते.

तिसरा मार्ग : उदाहरणांतून शिकवण

रचनेत जे नाही ते उदाहरणांतून द्यावे, हा तिसरा आणि सध्या सर्वाधिक रूढ मार्ग. उपलब्ध प्रतिमा कृत्रिमरीत्या सरकवून, वळवून, लहानमोठ्या करून वा आरशात उलटवून प्रशिक्षणसंच वाढविला जातो. २०१२ मध्ये अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्सकेव्हर व जेफ्री हिंटन यांच्या जालाने १,००० प्रकारच्या वस्तू ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत पहिल्या पाच अंदाजांतही योग्य उत्तर नसण्याचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे ते २६.२ टक्के होते. त्या जालाच्या प्रशिक्षणात सरकवलेल्या व उलटवलेल्या प्रतिमांचा वापर केलेला होता.

मात्र उदाहरणांतून मिळालेली अविकारिता ही सवय असते, हमी नव्हे. अहारोन अझुलाय व याइर वाइस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, प्रतिमा केवळ एका चित्रबिंदूने सरकवल्यानेही आधुनिक जालाचे उत्तर बदलू शकते. संक्षेपण करताना दर दुसरा बिंदू गाळला जातो आणि त्यात नमुनाघेणीचा मूलभूत नियम पाळला जात नाही, हे त्यामागील एक कारण. रचनेने जी अविकारिता दिली असे मानले जात होते, तीही पूर्ण नव्हती.

कोणता फरक विसरावा?

येथवरच्या विवेचनावरून जितकी अविकारिता अधिक तितके यंत्र चांगले, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. आंतरराष्ट्रीय अंकलिपीतील सहाचा अंक अर्धा फेरा वळवला की नऊ होतो. परिभ्रमणाला पूर्णतः अविकारी असलेले यंत्र पिनकोड वाचू शकणार नाही. देवनागरीतील ३ आणि ६ हे अंक ढोबळमानाने एकमेकांच्या आरशातील प्रतिमा आहेत. प्रशिक्षणासाठी प्रतिमा उलटवण्याची जी युक्ती मांजर वा मोटार ओळखताना निर्धोक असते, ती येथे घातक ठरेल.

आता पुन्हा हिवतापाच्या काचपट्टीकडे वळू. स्थान व दिशा यांना येथे काहीच अर्थ नाही. ते फरक विसरणेच इष्ट. आकारमानाचे मात्र तसे नाही. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीने ग्रासलेली तांबडी पेशी फुगून नेहमीपेक्षा मोठी होते. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरमने ग्रासलेली पेशी सहसा मोठी होत नाही. भारतात हे दोन्ही परजीवी आढळतात आणि त्यांवरचे उपचार भिन्न आहेत. व्हायव्हॅक्सची सुप्त रूपे यकृतात दडून राहत असल्याने ताप उलटू नये म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. फाल्सिपॅरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार तातडीने न मिळाल्यास रोग मेंदूपर्यंत जाऊन रुग्ण दगावू शकतो. आकारमानाला पूर्णतः अविकारी असलेले यंत्र नेमका हा पुरावाच पुसून टाकेल.

यातही एक बारकावा आहे. एका प्रयोगशाळेतील कॅमेरा पेशी ६० चित्रबिंदूंची दाखवेल, तर दुसरीतील ९० ची. हा फरक उपकरणाचा आहे. तो विसरलाच पाहिजे. फुगलेल्या पेशीतला फरक रोगाचा आहे. तो जपलाच पाहिजे. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही 'आकारमानातील बदल'च. म्हणून प्रत्येक सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी आधी निश्चित करून प्रतिमा मायक्रोमीटरच्या मापात आणावी आणि त्यानंतर जालाला आकारमानाविषयी संवेदनशील राहू द्यावे, हाच योग्य क्रम होय. तांबड्या पेशीचा व्यास सामान्यतः सात ते आठ मायक्रोमीटर असल्याने त्याच दृष्टिक्षेत्रातील निरोगी पेशीही पडताळणीस उपयोगी पडतात.

समारोप

राष्ट्रीय हिवताप निर्मूलन आराखड्याने २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दुसरीकडे मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेस मंजुरी दिली. प्रतिमा ओळखणारी यंत्रे आरोग्य, टपाल, शेती व नागरी सेवांत येत असताना, त्यांची अचूकता किती टक्के आहे एवढेच विचारून भागणार नाही. प्रतिमा सरकवल्यावर, वळवल्यावर, दुसऱ्या उपकरणाने घेतल्यावर तेच उत्तर येते काय, आणि जेथे उत्तर बदलायलाच हवे तेथे ते बदलते काय, या दोन्ही कसोट्या खरेदीपूर्वीच लावल्या पाहिजेत.

प्रमाणीकरण, रचना आणि उदाहरणे हे तीन मार्ग परस्परविरोधी नसून पूरक आहेत. प्रत्यक्षात त्यांचा मिलाफच उपयोगी पडतो. मात्र कोणता फरक विसरावा आणि कोणता जपावा हे गणित ठरवू शकत नाही. ते त्या विषयाच्या जाणकाराने, म्हणजे टपाल वाचणाऱ्याने, लिपी जाणणाऱ्याने, काचपट्टी तपासणाऱ्या तंत्रज्ञानेच सांगावे लागते. त्याचे ज्ञान जालाच्या रचनेत उतरवणे हे अभियंत्याचे खरे काम होय.

सरावासाठी प्रश्न

१. अविकारिता व सहविकारिता यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.

२. बिंदूंच्या त्रिकुटांवर आधारित चेताजालांचे तत्त्व सांगून त्यांच्या मर्यादांची चर्चा करा.

३. 'यंत्राने काय विसरावे हे ठरवणे, काय शिकावे हे ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.' रोगनिदानाच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.